घाट उतरायला शिकताना: रोड सायकल नव्याने हातात आलेल्यांसाठी

घाट चढण्याबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. कुठला गिअर लावायचा, पाणी किती प्यायचं, सिंहगड किती मिनिटांत झाला. उतरण्याबद्दल मात्र "आता काय, उतारच आहे" एवढ्यावर विषय संपतो. नवा माणूस माथ्यावर चहा पितो, फोटो काढतो आणि काहीही न शिकता ताशी ५० किलोमीटरच्या वेगात खाली निघतो. चढावर चूक झाली तर दम लागतो. उतारावर चूक झाली तर कॉलरबोन जातं, आणि ते नशीब चांगलं असेल तर.

उतारात मजा आहे हे मी नाकारत नाही, उलट रोड सायकलिंगमधला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना कृष्णेचं खोरं उघडं होतं, समोर पांडवगड, खाली वाईची वस्ती आणि पलीकडे धोम धरणाचं पाणी. पॅडल न मारता सायकल ४५-५० ला पोचते, कानात वाऱ्याशिवाय काही येत नाही, आणि एखादं वळण नीट जमलं की सायकल आणि आपण एकाच वेळी कलतो आणि एकाच वेळी सरळ होतो. त्यासाठी माणूस पहाटे चारला उठून तास-सव्वा तास चढत जातो, यात मला काही नवल वाटत नाही.

पण हे काम जगातल्या उत्तमांनाही चुकतं. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण जिंकलेला इटलीचा फाबियो कासार्तेल्ली १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात पोर्टे दास्पे घाट उतरताना पडून दगावला. २०२३ मध्ये टूर द स्वीसमध्ये आल्बुला घाट उतरताना जिनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. दोघांसाठीही रस्ता रहदारीला बंद होता. आपल्या घाटात समोरून एसटी येत असते.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना सपाटीवर ४०-५० किलोमीटरची राईड जमते, एखादा घाट चढून झाला आहे आणि उतरताना पोटात गोळा येतो. गोळा येत नसेल तर जास्तच नीट वाचा.

१. आधी घाट निवडा

पहिला घाट जवळचा म्हणून निवडू नका. पुणेकर सरळ सिंहगडावर जातात. चढायला तो सुंदर आहे, उतरायला शिकण्यासाठी वाईट. रस्ता अरुंद, चढ तीव्र, वळणं आंधळी, आणि शनिवार-रविवारी खालून येणाऱ्या गाड्यांची रांग. खालून वर येताना दमून अर्ध्या रस्त्यावर आलेला नवशिका चालक आणि वरून खाली येताना घाबरलेला नवशिका सायकलवाला एकाच वळणावर भेटतात.

शिकण्यासाठी हवा तो घाट रुंद, दोन पदरी, एकसारख्या उताराचा. पसरणी मला त्यासाठी योग्य वाटतो: वाई ते पाचगणी साधारण बारा किलोमीटर, उंचीतला फरक सुमारे साडेपाचशे मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास उतार. पुण्यात राहणाऱ्यांना जुना कात्रज घाट किंवा बोपदेव चालतो, पण पहाटे, गाड्या वाढायच्या आत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तिथे जाण्याचा विचारही नको.

वार महत्त्वाचा. पाचगणी-महाबळेश्वरकडे सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. शक्यतो आठवड्यातला कामाचा दिवस घ्या, आणि सूर्य उगवल्यानंतरच उतरा. अंधारात चढायला हरकत नाही, उतरायला आहे.

२. आदल्या रात्री सायकल तपासा

निघताना घाईत तपासणी होत नाही, म्हणून आदल्या रात्री.

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल जिथे फिरतं तिथलं बेअरिंग, सैल आहे. दुकानात दोन मिनिटांचं काम आहे, पण ते झाल्याशिवाय घाटात जायचं नाही. चाक फ्रेमला धरून ठेवणारे क्विक रिलीज किंवा थ्रू अ‍ॅक्सल घट्ट आहेत का बघा. चाक उचलून फिरवा आणि रिम, म्हणजे चाकाची कड, डावी-उजवीकडे डुलते का पाहा.

टायर हातात धरून पूर्ण फिरवा. बाजूच्या भिंतीवर चीर, फुगवटा किंवा आतले धागे दिसले तर टायर बदला. "अजून शंभर किलोमीटर चालेल" हा हिशोब सपाटीवर ठीक आहे. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरायची पद्धत सोडून द्या. दगडासारखा टायर आपल्या पॅच मारलेल्या डांबरावर उडत जातो आणि उडालेलं चाक पकड देत नाही. साधारण ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरतात, पुढे मागच्यापेक्षा थोडी कमी.

ब्रेक पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड संपले. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणारा ब्रेक, असेल तर पॅडमध्ये रुतलेले खडीचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे कण टोकदार वस्तूने काढा. डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या चकतीवर चेनचं तेल उडू देऊ नका, नवे पॅड टाकले असतील तर आधी सपाटीवर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन ब्रेक मारून ते बसवा. ब्रेकचं लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल किंवा तेल बघायला हवं.

३. सोबत काय न्यायचं

* हेल्मेट. कपाळावर दोन बोटं भुवईच्या वर, पट्टा हनुवटीखाली घट्ट. मागे सरकवून घातलेलं हेल्मेट टोपी म्हणून ठीक आहे. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं ते २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव्ह पॅरिस-नीस शर्यतीत पडून दगावल्यावर.
* पूर्ण पंज्याचे किंवा अर्धे ग्लव्ह्ज. पडताना हात आधी टेकतात.
* पारदर्शक किंवा फिकट काचेचा चष्मा. ५० च्या वेगात डोळ्यात किडा गेला तर दोन सेकंद काहीच दिसत नाही.
* विंडचीटर. घामाने भिजून माथ्यावर पोचल्यावर थंड वाऱ्यात बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांनी ब्रेक नेमका दाबता येत नाही.
* पुढे-मागे लाइट, दिवसाही चालू.
* जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, मल्टीटूल.
* ओळखपत्राची प्रत, आणि जर्सीच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते.
* आरोग्य विम्याच्या कार्डाचा फोटो घरी कोणाकडे तरी.

इअरफोन घरी ठेवा, दोन्ही कानांचे.

४. ब्रेक सपाटीवर शिका

घाटात शिकायची ही गोष्ट नाही. रिकामं मैदान किंवा सोसायटीमागचा बंद रस्ता शोधा आणि दोन-तीन सकाळी एवढंच करा.

पुढच्या ब्रेकची भीती लहानपणापासून मनात असते: "पुढचा दाबला की पालथा पडशील." प्रत्यक्षात जोरात थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसता मागचा दाबला की ते घसरतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. पालथं पडायला होतं ते अचानक आणि शरीर पुढे ठेवून दाबल्यामुळे. म्हणून २५ चा वेग घ्या, कंबर सीटच्या मागे सरकवा, कोपर ताठ न करता हातांनी शरीराला रेटा द्या, आणि दोन्ही ब्रेक आधी हळू, मग वाढवत दाबा. मागचं चाक घसरायला लागलं की पुढचा किंचित सैल करा. हे हाताला कळेपर्यंत करायचं.

हे सगळं ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात हात ठेवून करा. नव्यांना वर, हुड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर सुरक्षित वाटतं, कारण तिथून शरीर उंच राहतं. पण तिथून ब्रेकवर पूर्ण जोर येत नाही आणि खड्डा आला तर हात सुटतो. ड्रॉप्समध्ये तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर, बाकी बोटं हँडलवर. तिथून लिव्हर लांब वाटत असेल तर दुकानातून जवळ घेऊन घ्या. बहुतेक लिव्हरला तेवढी सोय असते, आणि छोट्या हातांच्या माणसांना हे कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

५. उतरणार तोच घाट, त्याच दिवशी, आधी चढा

गाडीतून सायकल माथ्यावर नेऊन खाली उतरायची हौस पहिल्या वर्षी नको. चढताना तुमचा वेग आठ-दहा असतो, रस्ता वाचायला भरपूर वेळ मिळतो. उतरण्याची बाजू उजव्या हाताला आहे, तिच्याकडे बघत चढा.

काय बघायचं? खडी कुठल्या वळणाच्या बाहेरच्या कडेला साठली आहे. रंग न मारलेले स्पीडब्रेकर आणि रम्बलर (ओळीने मारलेल्या जाड पट्ट्या) कुठे आहेत. ट्रकमधून सांडलेलं डिझेल: काळपट, इंद्रधनुषी डाग, बहुतेक हेअरपिन (यू आकाराच्या) वळणाच्या आतल्या बाजूला. झाडांच्या सावलीत ओल किंवा शेवाळ. माकडं कुठे बसतात, कारण तिथेच गाड्या थांबतात आणि दारं उघडतात. कणसाची आणि भज्यांची टपरी दिसली की समजा, इथे कोणीतरी आरशात न बघता गाडी रस्त्यावर घेणार. वाईच्या बाजूला गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्यामागे उसाची पडलेली कांडी. त्यांवरून चाक गेलं की सायकल हातात राहत नाही.

६. वेग ठरवण्याचा एकच नियम

समोर जेवढा रस्ता मोकळा दिसतो, त्याच्या निम्म्या अंतरात तुम्हाला थांबता आलं पाहिजे. निम्म्यात, कारण उरलेला निम्मा समोरून तुमच्या बाजूला घुसलेल्या गाडीचा आहे. हा नियम सह्याद्रीतल्या प्रत्येक घाटाला, प्रत्येक वळणाला लागू आहे आणि या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हा धरून ठेवा.

आकड्यांत बघू. कोरडं डांबर, पाच-सात टक्के उतार, बऱ्यापैकी ब्रेक मारणारा माणूस, धोका दिसल्यापासून बोटं दाबेपर्यंत एक सेकंद. ३० च्या वेगात थांबायला साधारण १७ मीटर लागतात. ४० ला २६. ६० ला सुमारे ५० मीटर. वेग दुप्पट झाला आणि अंतर तिप्पट. म्हणजे ६० ने जायचं तर समोर शंभर मीटर स्वच्छ दिसायला हवेत. पसरणीत असे सरळ तुकडे आहेत, पण मोजके. बाकी ठिकाणी नियमच तुम्हाला ३०-३५ वर आणतो.

सायकल कॉम्प्युटरवरचा कमाल वेगाचा आकडा हा नव्यांसाठी सगळ्यात मोठा सापळा आहे. तो आकडा मिळवायला कौशल्य लागत नाही, नुसता उतार लागतो. सात टक्क्यांच्या उतारावर कोणीही काहीही न करता ६० ला पोचतो. पहिले काही महिने स्क्रीनवरून वेग काढूनच टाका. आणि टीव्हीवर पाहिलेलं, सीट सोडून पुढच्या दांडीवर बसून उतरणं तर अजिबात नको. शर्यतींच्या जागतिक संघटनेने ते २०२१ पासून व्यावसायिकांनाही मना केलं आहे.

ब्रेक सतत थोडा थोडा धरून ठेवणं हा याच्या उलटा सापळा. भीतीने माणूस पूर्ण घाट ब्रेक चिकटवून उतरतो. सायकल धरून ८५ किलोचं वजन पसरणीतून खाली आणताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात सव्वा लीटरहून जास्त पाणी उकळीला येईल. त्यातली बरीच वारा खातो, पण तुम्ही हळू गेलात की वाऱ्याचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त. रिम ब्रेकमध्ये रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्कमध्ये पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि लिव्हर मऊ पडतं. म्हणून ब्रेक ठामपणे मारा, वेग उतरवा, पूर्ण सोडा, परत मारा. मधल्या मोकळ्या क्षणांत हवा ब्रेकला थंड करते. बोटं आखडली किंवा जळका वास आला तर कडेला मोकळी जागा बघून पाच मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कला हात लावू नका.

७. वळण

क्रम असा: बघा, ब्रेक मारा, सोडा, वळा. सगळं ब्रेक मारणं वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना उरकायचं. टायरकडे पकड मर्यादित असते. ती तुम्ही थांबण्यात खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही.

किती वेग उतरवायचा? १५ मीटर त्रिज्येच्या हेअरपिनमध्ये सुरक्षित मर्यादा जेमतेम ३० आहे. ४५ ने त्या वळणात शिरलेल्या माणसाला कितीही हिंमत असली तरी कोरड्या डांबराची पकड पुरत नाही. नवशिक्याने २० ने शिरावं. वळण संपताना "अजून थोडं जोरात चाललं असतं" असं वाटलं पाहिजे, तेव्हा वेग बरोबर होता.

शिरताना बाहेरचं पॅडल खाली आणि त्यावर जवळजवळ उभं राहिल्यासारखं वजन. उजवं वळण असेल तर डावा पाय खाली. यामुळे आतलं पॅडल रस्त्याला घासत नाही आणि वजन टायरवर खोल बसतं. आतल्या हाताने हँडल हलकं पुढे-खाली दाबा, सायकल आपोआप कलते. नजर वळणाच्या शेवटाकडे, हनुवटीसकट वळवलेली. दरीकडे, कठड्याकडे किंवा खड्ड्याकडे टक लावलीत तर सायकल तिकडेच जाते, हे प्रत्येकाच्या बाबतीत खरं आहे.

आपण डावीकडून चालतो, त्यामुळे दोन वळणांचे धोके वेगळे आहेत आणि हे परदेशी व्हिडिओंमधून उलटं शिकायला मिळतं. डाव्या वळणात तुम्ही आतल्या बाजूला असता. समोरून चढणाऱ्यासाठी ते उजवं वळण असतं आणि तो कोपरा कापत तुमच्या बाजूला येतो. वर तुमचा वेग जास्त झाला तर तुम्हीही फेकले जाता त्याच्याच अंगावर. उजव्या वळणात वर येणारी एसटी किंवा ट्रक वळायला जागा हवी म्हणून रुंद येते, आणि तुमची सुटका डावीकडे, जिथे खडी आणि कठडा आहे. म्हणून आंधळ्या डाव्या वळणात अगदी आत न चिकटता आपल्या लेनच्या मध्यावर राहा, म्हणजे लवकर दिसतं. शर्यतीतली बाहेरून आत, आतून बाहेर अशी रेषा फक्त आपल्या लेनच्या रुंदीत. मधल्या रेषेपलीकडचा रस्ता तुमचा नाही, तो रिकामा दिसत असला तरी. इंजिन बंद करून, न्यूट्रलवर, आवाज न करता मागून उतरणारे दुचाकीवालेही घाटात असतात.

वळणाच्या मध्यात खडी दिसली तर? पुढचा ब्रेक दाबू नका. सायकल क्षणभर सरळ करा, खडी सरळ रेषेत पार करा, मग परत कला. जागाच नसेल तर सरळ करून ब्रेक. कललेल्या सायकलवर पुढचा ब्रेक आवळणं म्हणजे पडणंच.

८. हँडल थरथरायला लागलं तर

सरळ उतारावर, बहुतेक ५० च्या पुढे, कधी कधी सायकल अचानक डावी-उजवीकडे वेगाने हलायला लागते. अनुभवींनाही याने घाम फुटतो. सहज प्रतिक्रिया म्हणजे हँडल गच्च आवळणं, आणि त्याने थरथर वाढते. दोन्ही गुडघे वरच्या दांडीला घट्ट चिकटवा, सीटवरून वजन किंचित उचला, हात सैल करा, मग मागचा ब्रेक हळूहळू. थरथर थांबते. खाली आल्यावर हेडसेट, चाकं आणि टायर तपासून घ्या. थंडीने किंवा भीतीने अंग कुडकुडत असतानाही हे सुरू होतं, विंडचीटरचं आणखी एक कारण.

९. पाऊस

पहिल्या पावसाळ्यात घाट चढा आणि खाली गाडीने या. खरंच सांगतो. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, पांढरे पट्टे साबणासारखे होतात, रिम ब्रेक चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत काहीच करत नाहीत. धुक्यात वीस मीटर दिसत असेल तर निम्म्याच्या नियमाने तुम्हाला वेग फारच कमी ठेवावा लागतो. सापडलातच तर हवा पाच-दहा पीएसआय कमी करा, ब्रेक लवकर आणि हळू, पट्टे आणि कॅट आय (रस्त्यात ठोकलेले चमकणारे ठोकळे) टाळा.

१०. ग्रुपमध्ये उतरताना

चढताना एकत्र, उतरताना सुटे. दोन सायकलींमध्ये किमान तीन-चार सेकंदांचं अंतर. पुढच्याची रेषा बघून वळू नका, तो चुकला तर तुम्हीही चुकता. कोणी मागे राहिला म्हणून चिडवायचं नाही. ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी माणूस सगळ्यात शेवटी उतरावा असं मला वाटतं, कारण पडलेल्याजवळ पोचणारा तोच असतो. भेटण्याची जागा माथ्यावरच ठरवा, वळणावर कोणी कोणाची वाट बघत थांबायचं नाही.

११. कोणी पडलं तर

आधी रहदारी थांबवा: वळणाच्या वर आणि खाली एकेक माणूस, लाइट चालू करून. पडलेल्याला लगेच ओढून उभं करू नका, मान किंवा पाठ दुखते का विचारा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीसाठी ११२. घाटात रेंज येते-जाते, म्हणून जवळचा किलोमीटरचा दगड वाचून ठेवा, "पसरणी घाटात एका वळणावर" एवढ्याने कोणी पोचत नाही. डोकं आपटलं असेल आणि माणूस "मी ठीक आहे" म्हणत असेल, तरी त्याला सायकलवर बसू देऊ नका आणि डॉक्टरांकडे न्या. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. कार्बनची फ्रेम किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) आपटला असेल तर जाणकाराने तपासेपर्यंत ती सायकल घाटात नेऊ नका.

१२. त्यानंतर कुठे

एकाच घाटावर रमा. तोच घाट परत परत उतरलात की डोकं पुढच्या वळणाचा अंदाज बांधायला लागतं आणि हात मोकळे होतात. मग बोपदेव-दिवे असा फेरा, पण दिवे घाटात रस्त्याचं काम चालू आहे का ते आधी विचारून. त्यापुढे ताम्हिणी. आंबेनळी, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला थेट कोकणात उतरणं, हे सगळ्यात शेवटी: उंचीतला फरक तेराशे मीटरच्या आसपास, रस्ता अरुंद, वळणं संपत नाहीत. तिथे ब्रेक आणि बोटं थंड करायला दोन-तीन थांबे आधीच ठरवून निघा, आणि माथ्यावरच पोटभर खाऊन घ्या. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा आणि आंबेनळी पावसाळ्यात दरडींमुळे बंद होतात, म्हणून निघण्याआधी भोर, महाड किंवा पोलादपूरच्या कोणाला तरी फोन करून रस्ता चालू आहे का विचारा.